तेजीचा वेग आणि आरएसआयचा आकडा

शेअरच्या भावाचा आलेख पाहून पुढील हालचालीचा अदमास बांधणाऱ्या तांत्रिक विश्लेषणात भाव कोणत्या दिशेने चालला आहे आणि त्या दिशेने तो किती जोराने चालला आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देणाऱ्या साधनांना मोमेंटम इंडिकेटर, म्हणजे गतिदर्शक, असे म्हणतात. तेजी वरवर टिकून असते, परंतु चढाचे टप्पे आखूड होऊ लागतात आणि मधल्या घसरणी वाढू लागतात, तेव्हा नुसत्या भावाकडे पाहणाऱ्याच्या जे लक्षात येत नाही, ते गतिदर्शकात दिसू शकते.

यांतील फार वापरला जाणारा गतिदर्शक म्हणजे आरएसआय, अर्थात रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ इंडेक्स. जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकन अभियंत्याने 1978 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तो मांडला. गेल्या 14 दिवसांत भाव वाढला त्या दिवसांच्या वाढीची बेरीज आणि घटला त्या दिवसांच्या घटीची बेरीज यांना प्रत्येकी 14 ने भागून दोन सरासऱ्या काढायच्या, पहिलीला दुसरीने भागायचे आणि येणारे गुणोत्तर 0 ते 100 या मापावर बसवायचे, अशी त्याची रीत आहे. सरासरी वाढ 6 रुपये आणि सरासरी घट 2 रुपये असेल, तर गुणोत्तर 3 येते आणि आरएसआय, म्हणजे दोहोंच्या बेरजेतील वाढीचा शेकडा वाटा, 75 होतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: सरासरी वाढ 60 पैसे आणि घट 20 पैसे असली, तरीही उत्तर 75 च येते. म्हणजे हा आकडा भाव किती रुपयांनी हलला हे सांगत नाही. चढ आणि उतार यांच्या ओढाताणीत कोणाची सरशी आहे, एवढेच तो सांगतो. पुढील दिवसांसाठी जुन्या सरासरीला 13 ने गुणून त्यात त्या दिवसाचा फरक मिळवायचा आणि 14 ने भागायचे असते; त्यामुळे पहिल्या उदाहरणात दुसऱ्या दिवशी भाव एकदम 22 रुपयांनी पडला, तर आरएसआय 75 वरून सुमारे 62 वर येतो, आणि भाव जागचा हललाच नाही, तर तो 75 वरच राहतो.

वाइल्डरने 70 च्या वर अतिखरेदीची आणि 30 च्या खाली अतिविक्रीची स्थिती मानली. बाजारात याच स्थितींना ओव्हरबॉट आणि ओव्हरसोल्ड म्हणतात, आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज येथेच होतो. ओव्हरबॉट शेअर महाग झाला आणि ओव्हरसोल्ड शेअर स्वस्त मिळतो आहे असे अनेक जण समजतात. परंतु या गणितात कंपनीचा नफा, कर्ज वा मालमत्ता यांचा लवलेशही नाही. शिवाय आरएसआयला 100 ची कमाल मर्यादा आहे, भावाला मात्र तशी कोणतीच नाही. म्हणूनच जोरदार तेजीत हा आकडा आठवडेच्या आठवडे 70 च्या आसपास रेंगाळतो आणि भाव चढतच राहतो. चांगल्या तेजीत आरएसआय साधारणपणे 40 ते 80 या पट्ट्यात फिरतो आणि मंदीत 20 ते 60 या पट्ट्यात, हे अनुभवी विश्लेषकांचे निरीक्षण 70-30 च्या पाठांतरापेक्षा पुष्कळ उपयोगाचे आहे.

खरी माहिती देतो तो विसंवाद, म्हणजे डायव्हर्जन्स. एखाद्या शेअरने 500 रुपयांचा उच्चांक केला तेव्हा आरएसआय 78 होता, आणि मध्यंतरीच्या घसरणीनंतर 520 चा नवा उच्चांक झाला तेव्हा तो 66 वरच थांबला, तर दुसरी चढाई पहिलीइतकी दमदार नव्हती असा त्याचा अर्थ होतो. मात्र ही केवळ सावधगिरीची सूचना आहे. भाव प्रत्यक्ष वळल्याशिवाय तिच्या भरवशावर सौदा करू नये.

जेराल्ड अ‍ॅपेल यांनी 1970 च्या दशकात मांडलेला एमएसीडी हा दुसरा गतिदर्शक 12 आणि 26 दिवसांच्या घातांकी चल सरासऱ्यांमधील फरक मोजतो. घातांकी म्हणजे अलीकडच्या भावांना अधिक वजन देणारी. हा फरक रुपयांत येत असल्याने 3000 रुपयांच्या शेअरचा एमएसीडी 100 रुपयांच्या शेअरशी ताडून पाहता येत नाही.

तीन-चार गतिदर्शकांनी एकच कौल दिला की खात्री पटली, असे मानणेही चुकीचे आहे, कारण ती सारी साधने त्याच भावांतून निघालेली असतात. एकाच साक्षीदाराचा जबाब चार वेळा नोंदवल्याने साक्षीदार चार होत नाहीत. उलाढाल आणि तिमाही निकाल ही मात्र खरोखर वेगळी माहिती आहे.

सौद्यांतील जोखीमही विसरता येत नाही: सेबी या बाजार नियामक संस्थेने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. ज्यांना गतिदर्शकांचा वापर करायचाच आहे, त्यांनी पैसे लावण्यापूर्वी एखाद्या शेअरचे 15 दिवसांचे बंद भाव कागदावर उतरवून घ्यावेत आणि आरएसआय एकदा तरी स्वतःच्या हाताने काढून पाहावा.