मांजराच्या चरबीचा मागोवा

मुखेड, कंधार, उदगीर हा पट्टा लाल कंधारी गुरांचा. गुरांच्या वैरणीवर इथं तासन् तास बोललं जातं, पण मांजराच्या खाण्याचा विचार कुणी केला नाही. तशी गरजही नव्हती. ज्वारीच्या कणगीभोवती उंदीर असायचे. भाटीला सकाळी दुधात कुस्करलेली भाकरी मिळायची, पुढचं तिचं ती बघायची. त्या उंदरातून तिला नेमकं काय मिळत होतं, हे कळायला १९७५ साल उजाडावं लागलं.

त्याआधीचा टप्पा मासळीचा. ई जीवनसत्त्व १९२२ मध्येच कॅलिफोर्नियात सापडलं होतं, पण मांजराशी त्याचा संबंध जुळला तो पन्नाशीच्या दशकात. अमेरिकेत मासळीच्या डबाबंद खाद्यावर वाढलेली पिल्लं आजारी पडत होती. ताप यायचा, खाणं सुटायचं, आणि पोटाला हात लावला तरी पिल्लू कळवळायचं. कातडीखाली गाठी हाताला लागायच्या. चिरून पाहिलं तर एरवी मऊ, पांढुरकी असणारी चरबी पिवळी-नारिंगी आणि घट्ट झालेली. १९५४ मध्ये संशोधक कॉर्डी यांनी प्रयोग करून दाखवलं की असं खाद्य दिलं की हा आजार होतो आणि ई जीवनसत्त्व दिलं की टळतो. तेलकट समुद्री मासळीतली मेदाम्लं चटकन खवट होतात. त्यांना आवर घालणारं ई जीवनसत्त्व कमी पडलं, तर हे खवटणं जिवंत मांजराच्या चरबीतच सुरू होतं. पेशी फुटतात, त्या साफ करायला रोगप्रतिकारक पेशी धावून येतात आणि दाह पेटतो. पशुवैद्यकात याला आजही पिवळ्या चरबीचा रोग म्हणतात.

मग १९७५. रिव्हर्स, सिंक्लेअर आणि क्रॉफर्ड यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की वनस्पती तेलातल्या लिनोलेइक आम्लापासून अॅराकिडोनिक आम्ल बनवणं मांजराला जमत नाही. पुढच्या अभ्यासांत थोडीफार क्षमता आढळली, पण ती गरजेला पुरत नाही. रक्त गोठणं, भाटीची वीण, जखमेनंतर येणारी सूज आणि तिचं ओसरणं, सगळ्यात अॅराकिडोनिकच्या घराण्यातल्या मेदाम्लांचा हात असतो.

मला हे संशोधन आपल्या भागासाठी सर्वांत मोलाचं वाटतं. मराठवाड्याचं जुनं तेल करडीचं. त्यात लिनोलेइक आम्ल सत्तर टक्क्यांच्या पुढे. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३. माणसाला दोन्ही उत्तम. मांजराला मात्र करडीतून अॅराकिडोनिक मिळत नाही आणि जवसातून मासळीतलं ओमेगा-३ जवळजवळ तयार होत नाही. करडी मागे पडून सोयाबीन आलं, तरी हा हिशेब बदलला नाही. भाटीची गरज भागवत होता तो तयार अॅराकिडोनिक पुरवणारा उंदीरच.

नव्वदीत चरबीकडे बघण्याची नजरच पालटली. १९९३ मध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांना लठ्ठ उंदरांच्या चरबीतून दाह वाढवणारं प्रथिन बाहेर पडताना दिसलं. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं. चरबी ही नुसती साठवण नाही, ती संप्रेरकं सोडणारा अवयव आहे, हे पक्कं झालं. मांजरांवर मार्गारेथे होएनिग यांनी जॉर्जिया विद्यापीठात चिकाटीनं काम केलं. वजन किलोभर वाढलं की इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, असं त्यांच्या गटाला आढळलं. मासळीतल्या ओमेगा-३ वर ठेवलेल्या मांजरांची साखर संपृक्त चरबीवरच्या मांजरांपेक्षा बरी राहिली. मात्र लठ्ठपणाबरोबर अंगभर पसरणारा दाह माणसात जितका स्पष्ट दिसतो, तितका मांजरात दिसलेला नाही. तेव्हा माणसाचे निष्कर्ष उचलून मांजराला चिकटवू नयेत.

आता मुखेडसारख्या गावातही स्लॅबच्या घरात, नसबंदी झालेला बोका दिवसभर सोफ्यावर लोळतो. उंदीर गेला, त्याच्या जागी पाकीट आलं, नाहीतर नुसती दूध-पोळी. केस चमकावेत म्हणून कुणी मनानंच माशाच्या तेलाच्या गोळ्या फोडून घालतं. हे करू नका. खाद्यात मांस-अंडं असू द्या, तेल द्यायचंच तर पशुवैद्याला मात्रा विचारून द्या. बोक्याच्या बरगड्या बोटांना लागत नसतील तर खाणं हळूहळू कमी करा, उपाशी मात्र ठेवू नका. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि ते दगावू शकतं. दोन दिवस खाल्लं नाही तर वाट पाहू नका. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय मुखेडपासून फार लांब नाही.