वाऱ्याचा हिशेब

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरमधल्या कोरियन ह्युंदाई कंपनीच्या कारखान्यामुळे चेन्नई आणि सोल यांचं येणंजाणं वाढलं. चेन्नई ते सोलजवळचा इंचॉन विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 5,300 किलोमीटर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नये, फसगत होते. रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात. चेन्नईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे 108 किलोमीटरचा, तर सोलजवळ 88 चाच. म्हणून सर्वांत जवळची वाट नकाशावर उत्तरेकडे बाक घेते.

वेळेचं गणित मला जास्त मोहवतं. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वेगवान वारे वाहतात. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर आणि वारा सरळ 100 चा धरा. जाताना 5 तास 18 मिनिटं, येताना 6 तास 37. वारा नसता तर दोन्ही मिळून 11 तास 47 मिनिटं लागली असती. वाऱ्यामुळे आठ मिनिटं जास्त लागतात! जाताना मिळालेल्या फायद्याने परतीचा तोटा पूर्ण भरून निघत नाही, कारण उलटा वारा विमानाला अधिक वेळ झुंजवतो. शिवाय धावपट्टीवरची रांग, चढण, उतरण यांचा वेळ वेगळाच. कोरियातलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, त्यामुळे तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका.