भोक कुणी पाडलं?

सोबतीचे प्राणी : लेखांक ११

पहाटे साडेपाचला डोंबिवलीहून ताईचा फोन आला तेव्हा पोटात गोळाच आला. "घाबरू नकोस, सगळे बरे आहेत," ती म्हणाली, "पण तुझ्या भाचीचे उंदीर फ्रिजच्या मागे शिरलेत. एक सापडलाय. दुसरा कॉम्प्रेसरपाशी बसलाय आणि हे झाडू घेऊन उभे आहेत. तू ये."

गेल्या आठवड्यात आपण पाळीव उंदरांच्या खाण्याबद्दल बोललो. या वेळी त्यांच्या बिछान्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण घर शाबूत असेल तर बिछाना. तेव्हा तो विषय पुढे ढकलतो.

पापड आणि चिक्कू या तीन महिन्यांच्या दोन माद्या. एक पांढरी, दुसरी डोक्यावर तपकिरी टोपी घातल्यासारखी. गटारातून पकडलेल्या नव्हेत, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या वाणातल्या. जात तीच, तपकिरी उंदराची; पण माणसाच्या हातात वाढण्याची सवय जुनी आहे. जपानमध्ये ओसाकात १७७५ साली उंदीर कसे पाळावेत यावर चक्क छापील पुस्तक निघालं होतं. इंग्लंडमध्ये १९०१ साली पाळीव उंदरांचं पहिलं प्रदर्शन भरलं. हे सगळं मी ताईच्या सासूबाईंना एकदा सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्ही जन्मभर उंदीर घराबाहेर काढले, हिनं विकत आणले." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. (गटारातला किंवा माळ्यावरचा उंदीर पकडून पाळू मात्र नये. लेप्टोची भीती पावसाळ्यापुरतीच असते असं नाही.)

पोचलो तोवर दोघी बादलीत होत्या. त्यांचं घर म्हणजे गाद्या-पांघरुणं ठेवायला मिळतो तसला मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा. झाकण घट्ट, आणि हवेसाठी दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीची भोकं, सोल्डरिंगची सळई तापवून ओळीनं पाडलेली. डबा पाडता येत नाही, उचलता येतो, धुता येतो, स्वस्तात मिळतो. पहिल्यांदा उंदीर आणणारे बरेच जण हेच करतात. त्या ओळीतल्या तिसऱ्या भोकाचं आता लिंबाएवढं खिंडार झालं होतं. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथे डबा पोखरून दोन निघाले होते.

भाचीला काळजी वेगळीच. "मामा, यांनी प्लास्टिक खाल्लं का?"

मी तिला डब्याच्या तळाशी पडलेला कीस दाखवला. निम्मा आत, निम्मा बाहेर लादीवर. खोबरं खवून ठेवावं तसा. उंदराच्या पुढच्या दातांच्या मागे मोकळी जागा असते आणि कुरतडताना तो गालाच्या आतली कातडी त्या जागेत ओढून घेतो. म्हणजे दात बाहेर, तोंड बंद. त्यामुळे कुरतडणं आणि खाणं ही त्याची दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक कीस बाहेरच पडतो. तरी निष्काळजी राहू नये, कारण उंदराला उलटी होत नाही. गिळलेलं वाईट काही परत काढण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. त्या दिवशी दोघींनी नेहमीसारखं खाल्लं, लेंड्या नेहमीसारख्या टाकल्या, पोट मऊ होतं. यातलं काही बिघडलं असतं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा लागला असता.

आता दातांकडे येऊ. उंदराच्या तोंडात १६ दात. १२ दाढा मागे, आणि पुढे वर दोन, खाली दोन असे चार. सुळे नाहीतच. मराठीत पुढच्या दातांना आपण पटाशीचे दात म्हणतो, पण हे नाव माणसापेक्षा उंदराला शोभतं. सुताराच्या पटाशीला एका अंगानं कड असते, उंदराच्या दातालाही. पुढच्या बाजूला कठीण इनॅमल, मागे त्याहून मऊ दंतिन. मागची बाजू लवकर झिजते, पुढची उशिरा, आणि धार आपोआप लागत राहते. इनॅमलमध्ये लोह असतं, म्हणून निरोगी उंदराचे दात पिवळे-नारिंगी दिसतात. पांढऱ्या उंदराचेसुद्धा. पापडचे दात किडलेत असं भाचीला वाटत होतं, ते यामुळे. कठीणतेच्या मोहस मापनावर इनॅमल पाचच्या आसपास आणि तांबं तीनवर. घरगुती डब्याचं प्लास्टिक या दातांपुढे म्हणजे साबणाची वडी.

हे दात जन्मभर वाढतात, वर्षाला चार इंचांहून जास्त. त्यावरून लोक असं समजतात की दात झिजवायला बिचाऱ्यांना कुरतडावंच लागतं. हे अर्धंच खरं. उंदीर काही न कुरतडताही वरचे-खालचे दात एकमेकांवर घासून झिजवतो. मांडीवर निवांत बसलेल्या उंदराचा बारीक करकर आवाज येतो तो हाच, आणि त्या वेळी डोळेही लुकलुक आत-बाहेर होतात, कारण जबड्याचा एक स्नायू डोळ्याच्या मागून जातो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. घाबरू नये, ते बहुधा खुशीचं लक्षण असतं. (दात वेडेवाकडे वाढण्याचा आजार हा स्वतंत्र विषय आहे. तो पुढे कधीतरी.)

मग प्रश्न उरतो तो हा, की इतक्या धारेचे दात असताना उंदीर प्लास्टिकच्या डब्यात राहतोच कसा?

महाविद्यालयाच्या प्राणिगृहात मी अकरा वर्षं काढली. तिथे विस्टर जातीचे पांढरे उंदीर होते, १९०६ साली फिलाडेल्फियाच्या विस्टर इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालेल्या वाणाचे. पिंजरे प्लास्टिकचेच, पॉलिप्रॉपिलीनचे. भिंत दोन-तीन मिलिमीटर जाड असेल. खाली भाताचं तूस, वर स्टीलच्या सळ्यांचं झाकण, झाकणातच खाण्याची खोबण आणि पाण्याची बाटली. त्या अकरा वर्षांत भिंत फोडून बाहेर आलेला उंदीर मी पाहिला नाही. झाकण नीट न लावल्यानं निसटलेले पुष्कळ पाहिले, त्यांतला एक तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये सापडला. पण तो दोष उंदराचा नव्हता, माझा होता.

प्लास्टिक तेच, दात तेच. फरक कुठे?

पटाशी सुताराच्या हातात असते, तो फळीच्या मधोमध ती उभी धरून ठोकू शकतो. उंदराच्या पटाश्या समोरासमोर बसवलेल्या आहेत. तो खरं तर अडकित्ता आहे. वरचे दात टेकवून धरतात, खालचे कातरतात. आणि अडकित्त्यानं सुपारी कातरता येते, भिंत कातरता येत नाही. सपाट गुळगुळीत पृष्ठभागावर उंदराचं नाक आधी टेकतं, दात नुसते घसरतात. प्रयोगशाळेतला पिंजरा एकसंध ओतलेला असतो, आतले कोपरे गोलाईचे, कुठे शिवण नाही, कंगोरा नाही, भोक नाही. दोन दातांमध्ये धरायला काहीच मिळत नाही. जिथे कड आहे, तिथे, म्हणजे वरच्या काठावर, स्टील बसवलेलं असतं.

आणि भाचीनं काय केलं होतं? त्या गुळगुळीत भिंतीत उंदरांना तयार कडा करून दिल्या होत्या. एक नव्हे, चोवीस. तापल्या सळईनं पाडलेल्या भोकाभोवती वितळलेल्या प्लास्टिकची उंच कड राहते, ती तर दाताखाली धरायला अगदी सोयीची. भोक पापड-चिक्कूनं पाडलं नव्हतं. त्यांनी ते फक्त मोठं केलं. हे ऐकून भाचीचं तोंड उतरलं, म्हणून मी तिला सांगितलं की पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या महागड्या पिंजऱ्यांतही हीच चूक असते. वर तारा, खाली प्लास्टिकचा ट्रे, आणि ट्रेची वरची कड तारांच्या आतल्या बाजूला उघडी. महिन्याभरात ती कड नक्षीकाम केल्यासारखी होते.

हे एकदा कळलं की बरेचसे घरगुती उपाय बाद होतात. दाजींनी आधीच एक भोक एम-सीलनं बुजवलं होतं. ते ओबडधोबड असल्यानं आणखी एक कड तयार झाली, शिवाय ते उंदराच्या तोंडात जाण्यासारखं नाही. चिकटपट्टी तर उंदराला खेळ वाटते. ताईनं मिरचीची पेस्ट लावू का विचारलं. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही, पण उंदराला जाणवतो, तेव्हा उपाय लागू पडेलही. पण उंदीर दिवसभर पंजे चाटतो, पंजांनी डोळे पुसतो. बंद डब्यात मिरची म्हणजे शिक्षा आहे, उपाय नव्हे. मी तो ठाम नाकारला.

काचेची पेटी? कड नाही, हे खरं. पण हवाही नाही. मुतातून सुटणारा अमोनिया तळाशी साचतो, आणि पाळीव उंदरांची फुप्फुसं मुळातच नाजूक असतात. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू त्यांच्यात जवळजवळ घरचाच असतो. अमोनियानं तो उसळतो. नाकाडोळ्यांभोवती लाल डाग दिसू लागतात. ते रक्त नसतं, ग्रंथींतून येणारं रंगद्रव्य असतं, पण उंदीर त्रासात आहे एवढं नक्की सांगतं.

आम्ही शेवटी स्टेशनाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची वेल्डेड जाळी आणली. अर्धा इंचच, कारण जिथून डोकं जातं तिथून उंदराचं अंग जातं. दाजींच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरनं दोन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच असा सांगाडा केला आणि त्यावर पावडर कोटिंग करून दिलं. नुसती जस्ताची जाळी मूत धरून ठेवते, वास जात नाही. प्लास्टिक आम्ही पूर्ण टाकलं नाही. तळाला उथळ ट्रे प्लास्टिकचाच आहे, फक्त त्याची कड जाळीच्या बाहेर राहील असा बसवला, आणि जिथे ती आत येत होती तिथे अॅल्युमिनियमची कोनपट्टी स्क्रूनं आवळली. मजल्यांवर जाळी उघडी ठेवली नाही, जुन्या चादरीचे तुकडे अंथरले. उघड्या जाळीवर सतत चालून उंदरांच्या तळव्यांना फोड येतात. जाळी आवळायला केबल टाय वापरू नका एवढं मात्र सांगतो. एका रात्रीचं काम असतं ते त्यांना.

ट्रे धुण्यावरून एक गोष्ट आठवली. १९९८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला पॅट्रिशिया हंट या शास्त्रज्ञ उंदरांच्या, म्हणजे लहान घरगुती उंदरांच्या, बीजांडांचा अभ्यास करत होत्या. अचानक अगदी निरोगी उंदरांच्या बीजांडांतही गुणसूत्रांचे दोष दिसू लागले. शोध घेता घेता कारण सापडलं ते पिंजऱ्यात. कुणीतरी चुकून लादी धुण्याच्या जहाल साबणानं पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि बाटल्या धुतल्या होत्या, प्लास्टिक खराब होऊन त्यातून बिस्फेनॉल-ए पाझरत होतं. २००३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे दुधाच्या बाटल्यांवरून जगभर जो वाद झाला, त्यात या धुण्याचा मोठा वाटा आहे. आपल्या ट्रेखाली त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, त्यात हा पदार्थ नसतो. तरी कॉस्टिक आणि फिनेल नकोच. कोमट पाणी, भांड्याचा साबण, ऊन.

जाळीनं सुटणं थांबलं, कुरतडणं थांबलं नाही. थांबायलाही नको. दोन हुशार प्राणी चार भिंतींत रात्रभर जागे आहेत, करणार काय? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले डोनाल्ड हेब यांनी १९४०च्या दशकात प्रयोगशाळेतले काही उंदीर घरी नेले. त्यांच्या मुलींनी ते पाळले, घरभर हिंडू दिले. नंतर चक्रव्यूहाच्या चाचण्यांत या घरच्या उंदरांनी पिंजऱ्यातल्या उंदरांना मागे टाकलं. कंटाळलेला उंदीर कड शोधत बसतो, रमलेला उंदीर कमी शोधतो. म्हणून एकटा उंदीर पाळू नये, आणि रोज तासभर तरी बाहेर सोडावं, अर्थात वायरी उचलून.

कुरतडायला काय द्यावं याची यादी बाजारात शोधू नका. नारळाची करवंटी, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, मक्याचं बुरकुंड, फोडून न दिलेला अक्रोड, चपलांचे खोके, बांबूचा तुकडा, पेरूची औषध न मारलेली फांदी. अक्रोडावर पापड दोन रात्री बसली होती. कण्हेरीची काठी चुकूनही नको, ती विषारी. देवदारासारखं वासाचं लाकूड किंवा त्याचा भुसा नको, त्यातले तेलकट वास श्वासाला बाधतात. वखारीतून फुकट मिळणारा भुसा कुठल्या लाकडाचा आहे हे वखारवाल्यालाही ठाऊक नसतं, तेव्हा तो राहू द्या.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. परवा डोंबिवलीला गेलो तेव्हा ट्रे काढून पाहिला. कोनपट्टीवर दातांचे बारीक ओरखडे आहेत, कड शाबूत आहे. जुना डबा ताईनं टाकला नाही. स्वयंपाकघरात ओट्याखाली आहे, त्यात कांदे ठेवलेत. हवेला भोकं होतीच.