काविळीचा तपास

विशी-पंचविशीतील एखादा धट्टाकट्टा तरुण आठवडाभर अन्नावरची वासना उडाल्याची, मळमळीची आणि अंगातल्या कणकणीची तक्रार करीत असतो, आणि ताप उतरला म्हणून घरची मंडळी निर्धास्त होतात न होतात तोच त्याची लघवी गडद होते व डोळे पिवळे दिसू लागतात. विषाणुजन्य यकृतदाहाचा हा क्रम इतका ठराविक आहे, की अनुभवी डॉक्टरचे निम्मे निदान रोग्याच्या जबानीवरच होते.

लघवीच्या रंगाला येथे विशेष महत्त्व आहे. जीर्ण तांबड्या पेशींतून निघणाऱ्या बिलिरुबिनला पाण्यात विरघळण्याजोगे रूप देऊन ते पित्तावाटे आतड्यात सोडणे हे यकृताचे काम. यकृत सुजले म्हणजे हेच विद्राव्य द्रव्य रक्तात परतते आणि मूत्रात उतरते. म्हणून डोळे पिवळे असूनही लघवी नेहमीसारखीच असेल, तर रक्तपेशींचा नाश किंवा गिल्बर्टचा निरुपद्रवी जन्मजात दोष यांचा विचार आधी करावा.

त्यानंतर एसजीपीटी. एरवी दर लिटरला सुमारे 40 एककांच्या आत असणारे हे विकर या दाहात पुष्कळदा हजारापलीकडे जाते. परंतु पॅरासिटामॉलचा अतिरेक किंवा क्षयाची औषधे यांनीही ते तसेच चढू शकत असल्याने, तेवढ्यावरून गुन्हेगार ठरविता येत नाही. त्यासाठी नव्या संसर्गात प्रथम उत्पन्न होणारी आयजीएम प्रतिद्रव्ये शोधावी लागतात. हिपॅटायटिस बीचा पृष्ठभागीय प्रतिजन सापडला तरी तो जुन्या वाहकाच्या रक्तातही असतोच, तेव्हा गाभ्याच्या प्रतिजनाविरुद्धचे आयजीएम पाहिल्यावाचून आजच्या काविळीचा दोष बीवर ठेवणे घाईचे होय. अशी घाई पूर्वी झालेली आहे. 1955 च्या अखेरीस यमुनेचे पाणी सांडपाण्याने दूषित होऊन दिल्लीत सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली; तिचे खापर दीर्घकाळ ए विषाणूवर फुटत राहिले, आणि राखून ठेवलेल्या रक्तद्रवांच्या फेरतपासणीत 1980 साली तो निर्दोष ठरल्यावरच, पुढे ई म्हणून प्रसिद्ध झालेल्या विषाणूकडे संशोधकांचे लक्ष वळले.

दूषित पाण्यातून येणाऱ्या ए आणि ई यांची कावीळ बहुतेक तरुणांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि कावीळ उतरविणाऱ्यांच्या मंत्रांना व गळ्यातल्या माळांना यश येते ते याच हिशेबाने.

खरा धोका मात्र पिवळेपणाच्या छटेवरून कळत नाही. रक्त गोठविणारे घटक यकृतच बनवीत असल्यामुळे त्याची उरलेली ताकद प्रोथ्रॉम्बिनच्या चाचणीत, म्हणजे आयएनआरच्या आकड्यात, दिसते. एवढेच नव्हे, तर बिलिरुबिन वाढतच असताना एसजीपीटी झपाट्याने उतरू लागणे हे, नातेवाईक ज्याला सुधारणा समजतात ते, पुष्कळदा पेशी संपत आल्याचे लक्षण असते. तेव्हा रिपोर्टात आयएनआर नसेल तर तो आवर्जून मागावा. आणि रोगी असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, किंवा कावीळ झालेली स्त्री गर्भवती असेल, तर कोणत्याही माळेची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.