वर्गणीतून उभी राहिलेली घरे

बेघर हा शब्द उच्चारला की पदपथावर निजलेला एकटा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. परंतु १९६० नंतरच्या इंग्लंडात स्थानिक अधिकाऱ्यांच्या दाराशी येई ते पुष्कळदा नवरा, बायको व मुले असे सबंध बिऱ्हाड. युद्धात पडलेल्या घरांची उणीव पुरती भरून निघाली नव्हती. त्यातच १९५७ च्या भाडे-कायद्याने अनेक भाडेकरूंचे संरक्षण काढून घेतले. घरमालकाने बाहेर काढलेल्या कुटुंबास तात्पुरत्या निवाऱ्यात जागा मिळे. पण अनेक ठिकाणी ती आई व मुले यांनाच. बापाने आपली सोय अन्यत्र पाहावी, असा दंडक! केंट परगण्यातील किंग हिल निवाऱ्यात १९६५-६६ मध्ये काही पतींनी हा नियम झुगारून पत्नी-मुलांजवळच मुक्काम केला. न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल त्यांतील काहींना तुरुंगवास घडला.

लंडनच्या नॉटिंग हिल भागात ब्रूस केनरिक या धर्मोपदेशकाने १९६३ मध्ये एक गृहसंस्था स्थापन केली. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. जमलेला पैसा वाटून टाकला असता, तर काही महिन्यांचे भाडे भागून ती कुटुंबे पुन्हा रस्त्यावरच आली असती. त्याऐवजी संस्थेने जुनी, मोडकळीस आलेली घरे विकत घेतली. किमतीचा मोठा भाग कर्जाने उभा करावयाचा, उरलेली रक्कम व डागडुजी देणग्यांतून भागवावयाची, आणि बेताच्या भाड्यातून कर्ज फेडावयाचे. अशा रीतीने दात्याच्या एका शिलिंगाच्या आधारावर कर्जाचे कित्येक शिलिंग मिळत, आणि घर हाती राही ते वेगळेच.

अशा संस्थांना देशभरातून पैसा मिळावा म्हणून केनरिक व इतरांनी १ डिसेंबर १९६६ रोजी ‘शेल्टर’ ही संस्था सुरू केली. योगायोग असा, की त्याआधी पंधराच दिवस, १६ नोव्हेंबरला, बी.बी.सी.ने ‘कॅथी कम होम’ हे दूरचित्रनाट्य दाखविले होते. निवाऱ्याअभावी एका कुटुंबाची ताटातूट कशी होते, हे सुमारे सव्वा कोटी प्रेक्षकांनी पाहिले.

मग गावोगावी साहाय्यक मंडळे निघाली. चर्चच्या आवारात विक्रीबाजार भरले, जुने कपडे विकले गेले, आणि विद्यार्थ्यांच्या पदयात्रा निघाल्या. पदयात्रेची युक्ती मोठी गमतीची. मुलाने शेजारीपाजारी, आप्तेष्ट यांच्याकडे कागद घेऊन जावे. प्रत्येकाने दर मैलामागे अमुक पेनी देण्याचे वचन लिहून द्यावे. मुलाने चालावे आणि मग वसुली करावी. आपल्याकडील उत्सवाच्या वर्गणीत मागणाऱ्याचे पाय फारसे दुखत नाहीत! येथे ते दुखतात, आणि म्हणूनच नाही म्हणणे जड जाते. शिवाय दारोदार जाताना मुलाला ‘हे कशासाठी?’ याचे उत्तर द्यावे लागे. हे उत्तर घरोघरी पोहोचले, याचे मोल जमलेल्या पेनींहून अधिक मानले पाहिजे.

कारण बाजार भरवून व मैल चालून साऱ्या देशाची घरे होत नाहीत. ‘शेल्टर’चे पहिले संचालक डेस विल्सन यांनी निधी जमविण्याबरोबरच शासनावर टीकेचा मारा चालू ठेवला. १९७७ मध्ये संसदेने बेघरांविषयीचा कायदा केला आणि मुलेबाळे असलेल्या बेघर कुटुंबांची सोय करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. एकट्यादुकट्या धडधाकट माणसाला मात्र त्याने फारसे काही दिले नाही.

मार्च २०२४ अखेर इंग्लंडात एक लाखाहून अधिक बिऱ्हाडे तात्पुरत्या निवाऱ्यांत होती. ‘शेल्टर’ची जुन्या कपड्यांची दुकाने अद्याप चालू आहेत.