धुम्-चक, धुम्-चक, पोल्का!

जरा उठा बरं. खुर्ची मागे सरकवा. आधी एक छोटीशी उडी, मग तीन भरभर पावलं. उडी-एक-दोन-तीन. आता दुसऱ्या पायाने. उडी-एक-दोन-तीन. घरात ताई किंवा दादा असेल तर त्याचे हात धरा आणि हेच करत गोल फिरा. खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन आलेच, तर सांगा, आम्ही पोल्का शिकतोय!

पोल्का जन्मला बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, 1830 नंतरच्या दशकात. बघता बघता तो प्रागमधून पॅरिसला पोचला आणि तिथल्या लोकांना त्याने अगदी वेड लावलं. नाच शिकवणाऱ्या गुरुजींची चंगळच झाली म्हणा ना! पण फॅशन येते तशी जाते. पोल्का जिवापाड जपला तो भलत्याच लोकांनी. ते होते पोटापाण्यासाठी बोटीत बसून अमेरिकेला गेलेले चेक, पोलिश, स्लोव्हेनियन आणि जर्मन लोक. आठवडाभर पोलादाच्या कारखान्यात नाहीतर खाणीत राबायचं आणि सुट्टीच्या आदल्या रात्री सगळ्यांनी जमून नाचायचं. क्लीव्हलँड शहरातल्या स्लोव्हेनियन लोकांनी तर 1924 मध्ये स्वतःची मोठी इमारतच उभी केली. तिच्यात सभागृह होतं, वाचनालयही होतं.

आता मला सांगा, नाचायला वाजंत्री नको? पण अख्खा बँड बोटीतून कोण नेणार? इथे कामी आलं एक गमतीचं वाद्य, अ‍ॅकॉर्डियन. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियन यांनी 1829 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. हे वाद्य गळ्यात अडकवायचं, मधला घड्यांचा भाता ताणायचा आणि दाबायचा.

त्याच्या पोटात काय असतं? धातूच्या पातळ पट्ट्या! प्रत्येक पट्टीचं एक टोक घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं आणि खाली बरोबर तिच्याच मापाची फट. भात्यातली हवा फटीतून घुसली की पट्टी वाकते, उसळून परत येते, पुन्हा वाकते. असं सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्या थरथरीचा आपल्याला सूर ऐकू येतो. घरी करून बघायचंय? प्लास्टिकची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढा, आतलं टोक दाबून धरा आणि बाहेरचं टोक टिचकीने उडवा. बाहेरचा भाग लांब ठेवलात तर आवाज जाड. आखूड केलात की तो बारीक होतो. अ‍ॅकॉर्डियनमध्येही लांब पट्टी खालचा सूर देते आणि आखूड पट्टी वरचा. आपली पेटी याच घराण्यातली बरं का, आणि माउथऑर्गनसुद्धा. पेटीवाले त्या पट्ट्यांना रीड म्हणतात. या सगळ्यांची खापरपणजी म्हणजे चीनमधलं शेंग नावाचं प्राचीन वाद्य. तेही अशाच रीडवर वाजतं.

दमट हवेने तारेची वाद्यं पटकन उतरतात. धातूची रीड मात्र सहसा सूर सोडत नाही. शिवाय अ‍ॅकॉर्डियनच्या डाव्या बाजूला बटणं असतात. एक दाबलं की खर्जाचा एकच सूर, शेजारचं दाबलं की तीन सुरांचा गठ्ठा. आलटून पालटून दाबा: धुम्-चक, धुम्-चक. हा झाला पोल्काचा ठेका! उजवा हात गाणं वाजवायला मोकळाच आहे. एकाच माणसात बँड तयार. मला तर हे वाद्य नाचणाऱ्यांनीच मागून घेतलंय असं वाटतं.

क्लीव्हलँडमध्ये फ्रँकी यांकोविक नावाचा मुलगा होता, जन्म 1915 चा. आईवडील स्लोव्हेनियातून आलेले. घरात भाडेकरू ठेवलेले असायचे. त्यांतला एक जण बटणांचं अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा आणि फ्रँकी त्याच्याकडूनच शिकला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो युरोपात लढायला गेला आणि 1944 च्या भयंकर हिवाळ्यात त्याचे हातपाय गोठले. डॉक्टर म्हणाले, कापावे लागतील. फ्रँकीने साफ नकार दिला! हळूहळू बोटं हलू लागली, पुन्हा अ‍ॅकॉर्डियनवर फिरू लागली आणि 1948 मध्ये तो अमेरिकेचा पोल्काराजा ठरला. 1986 मध्ये पोल्कासाठी पहिल्यांदाच ग्रॅमी पुरस्कार दिला गेला, तोही त्यालाच.

सगळ्यांचा पोल्का एकसारखा नाही हं. मिनेसोटातल्या जर्मन लोकांच्या बँडमध्ये ट्यूबा हा भला मोठा पितळी कर्णा धुम्-धुम् करतो. टेक्सासमध्ये तर आणखीच मजा झाली. तिथे जर्मन आणि चेक शेतकऱ्यांच्या शेजारी मेक्सिकन लोक राहत. त्यांनी शेजाऱ्यांचं अ‍ॅकॉर्डियन उचललं आणि जोडीला आपलं बारा तारांचं बाहो सेक्स्तो घेतलं. 1930 नंतर नार्सिसो मार्तिनेस या वादकाने एक युक्ती केली. धुम्-चक सगळं बाहो सेक्स्तोवर सोपवलं, डाव्या हाताची बटणं जवळजवळ सोडूनच दिली आणि उजव्या हाताने सुसाट वाजवायला लागला. त्याला पुढे टेक्सासमधल्या या मेक्सिकन संगीताचा जनक म्हणू लागले.

आणि अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, उंच निवडुंगांच्या देशात, तोहोनो ओओधाम लोक राहतात. हे काही बोटीने आलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच आहेत. तरी त्यांच्या सणाला अ‍ॅकॉर्डियन, सॅक्सोफोन, गिटार आणि ड्रम घेऊन बँड बसतो आणि पोल्का सुरू होतो. त्या संगीताला ते वायला म्हणतात. त्यात गायकच नसतो, नुसती वाद्यं वाजतात. जोड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने गोल फिरतात, कधी कधी पार उजाडेपर्यंत.