खडवलीहून निघालात तर भुयारी मेट्रो नेमकी कुठे पकडायची?

मुंबईची पहिली भुयारी मेट्रो, म्हणजेच मेट्रो ३ किंवा ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावू लागली. मार्ग ३३.५ किलोमीटरचा, स्थानकं २७ आणि त्यातली २६ जमिनीखाली. पण खडवली, टिटवाळा, वासिंदच्या प्रवाशांचा प्रश्न साधा आहे: लोकलमधून उतरायचं कुठे?

उत्तर एकच नाही. कुठे जायचंय त्यावर ते ठरतं.

विमानतळ, सीप्झ, आरे: घाटकोपर

घाटकोपरला मेट्रो ३ नाही. तिथून मेट्रो १ ने मरोळ नाक्याला जायचं आणि तिथे खाली उतरून मेट्रो ३ पकडायची. मरोळ नाक्यापासून विमानतळाचं टर्मिनल २ पुढचंच स्थानक आहे. उलट दिशेला एमआयडीसी अंधेरी, सीप्झ आणि आरे लागतात.

बीकेसी, वरळी: दादर

दादरचं मेट्रो स्थानक पश्चिमेला, गोखले रोडवर आहे. म्हणजे रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून थोडं चालावं लागतं. बीकेसी तिथून तिसरं स्थानक (शितळादेवी, धारावी, मग बीकेसी), तर वरळी दुसरं.

विधान भवन, कफ परेड: सीएसएमटी

सीएसएमटीहून हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन आणि कफ परेड अशी चार स्थानकं आहेत. काळबादेवी, गिरगावला जायचं असेल तर उलट दिशेची गाडी.

खाली उतरायला वेळ का लागतो?

मुंबईत रस्त्याखाली जलवाहिन्या, गटारं, केबल आणि इमारतींचे पाये आहेत. बीकेसी-धारावीदरम्यान तर बोगदा मिठी नदीखालून जातो. म्हणून रूळ खोलवर आहेत. स्थानकात आधी तिकीट आणि तपासणीचा मजला लागतो, मग त्याखाली फलाट. फलाटाच्या कडेला काचेची दारं असतात. गाडी थांबल्यावरच ती उघडतात. त्यामुळे कुणी रुळांवर पडत नाही आणि वातानुकूलित हवाही बोगद्यात जात नाही.

जमिनीखालच्या स्थानकाला सगळ्यात मोठा धोका पाण्याचा. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं ते काम अपूर्ण असलेल्या प्रवेशद्वारातून. त्यानंतर काही दिवस गाड्या वरळीपर्यंतच धावल्या. स्थानकांची प्रवेशद्वारं रस्त्यापेक्षा उंच का ठेवतात, ते यावरून कळतं.

खिशाचं आणि वेळेचं गणित

रेल्वेचा पास मेट्रोत चालत नाही, तिकीट वेगळं काढावं लागतं. भाडं अंतरानुसार १० ते ७० रुपये. पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा अनेक स्थानकांत मोबाईल नेटवर्क मिळत नसल्याच्या तक्रारी होत्या. त्यामुळे मोबाईलवर तिकीट काढणाऱ्यांनी ते खाली उतरण्याआधीच काढलेलं बरं.

खरी कसोटी परतताना लागते. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकल कमी. मेट्रोतून उतरून वर येण्यात आणि रेल्वे स्टेशन गाठण्यात पाच-दहा मिनिटं जास्त गेली, तर नेहमीची गाडी चुकते आणि पुढचीची बराच वेळ वाट बघावी लागते. दादरला हे अंतर विशेष लक्षात ठेवा.

आपल्याकडे भुयारी स्थानक कधी?

कल्याणकडे येणारी मेट्रो ५ (ठाणे-भिवंडी-कल्याण) बहुतांश पुलावरून जाणारी आहे. भुयारी स्थानकं ठाण्यात नियोजित आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली. तिच्या २२ स्थानकांपैकी २ जमिनीखाली असतील आणि त्यातलं एक ठाणे रेल्वे स्टेशनजवळ. ते झालं, की खडवलीकरांना जमिनीखालची मेट्रो पकडायला घाटकोपर, दादरपर्यंत जावं लागणार नाही. तोवर मात्र घाटकोपर, दादर की सीएसएमटी, हे लोकलमध्ये बसतानाच ठरवून ठेवायला हवं.